एव्हन म्हणजे नदीच, मग ‘एव्हन नदी’ हे नाव पडलं कसं?

प्रश्न एका ताईंचा आहे. इंग्लंडच्या नकाशात त्यांना एव्हन नावाच्या चार नद्या सापडल्या, स्कॉटलंडमध्ये अजून दिसल्या, आणि त्यांची बहीण न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चमध्ये राहते, तिच्या घराजवळून वाहते तीसुद्धा एव्हनच. तर हे नाव एवढं कॉमन का, त्याचा अर्थ काय, केल्टिक म्हणतात ते काय, आणि कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं की हा शब्द संस्कृतच्या ‘आप’ वरून निघाला, ते खरं का? मी तुलनात्मक भाषाशास्त्र शिकवतो, वीस वर्षं होऊन गेली, त्यातली काही वर्षं वेल्समध्ये होतो, आणि नद्यांची नावं हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी सरळ उत्तर. एव्हन म्हणजे नदी. दुसरा काही अर्थ नाही, कुठली देवी नाही, राजा नाही, की पाण्याचा रंग नाही, नुसतं ‘नदी’.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कळलं ते अबरिस्टविथला. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव, समुद्र आणि दोन नद्या. पहिल्याच आठवड्यात पुलावरून चालत जाताना नदीच्या नावाची पाटी दिसली, वेल्समध्ये पाट्या दोन भाषांत असतात, एका ओळीत ‘आवॉन रैडॉल’ आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजीतून ‘रिव्हर रैडॉल’. वेल्शमध्ये ते ‘एफ’ अक्षराने लिहितात पण उच्चार ‘व’ असतो, म्हणजे लिहिताना आफॉन आणि बोलताना आवॉन. घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आवॉन म्हणजे नदी, त्यात काय विचारायचं, टाइवीपण आवॉन, सेव्हर्नपण आवॉन. त्यांच्या तोंडी तो रोजचा शब्द आहे, आपल्याला ‘नदी’ आहे तसा. आणि तोच शब्द सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये गेलं की एकदम विशेषनाम होतो. वेल्श लोकांना इंग्लंडमधल्या नदीचं नाव घ्यायचं असेल तर ते ‘आवॉन एव्हन’ म्हणतात, म्हणजे नदी नदी.

आता केल्टिक म्हणजे काय ते थोडक्यात, कारण यात फार गोंधळ असतो. इ.स. 43 मध्ये रोमन सैन्य ब्रिटन जिंकायला उतरलं तेव्हा तिथले लोक जी भाषा बोलत होते तिला आम्ही ब्रिटॉनिक म्हणतो. ती केल्टिक नावाच्या भाषाकुळातली. पाचव्या शतकापासून अँग्लो-सॅक्सन लोक आले, त्यांची भाषा पसरत पसरत आजची इंग्रजी झाली, आणि ब्रिटॉनिक पश्चिमेकडे उरली, तिच्याच लेकी म्हणजे वेल्श, कॉर्निश आणि समुद्रापलीकडे फ्रान्सच्या टोकाला ब्रेटन. दुसरी शाखा आयर्लंडची, तिच्यात आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स. नदीला ब्रिटॉनिकमध्ये शब्द होता ‘अबोना’. आयरिश शाखेत तोच शब्द आज लिहितात एकीकडे आणि बोलतात दुसरीकडे, कानाला साधारण ‘आउन’सारखा ऐकू येतो.

अबोनाचं आवॉन कसं झालं? दोन स्वरांच्या मधला ‘ब’ मऊ पडून ‘व’ झाला आणि शेवटचा स्वर गळाला. आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, आपल्या भाषेत अगदी असंच घडलंय, कपाट चं कवाड झालं, दीप चा दिवा झाला, सपत्नी ची सवत झाली, ताप चा ताव. दोन स्वरांमध्ये सापडलेलं व्यंजन ढिलं पडणं हे जगभर होतं. जुन्या इंग्रजी दस्तऐवजांत नदीचं नाव ‘आफेन’ असं लिहिलेलं सापडतं, त्यातला ‘फ’सुद्धा दोन स्वरांत ‘व’ असाच बोलला जायचा. म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांनी शब्द उचलला तेव्हा ब चा व होऊन गेला होता किंवा व्हायला लागला होता.

इंग्लंडमधल्या चार एव्हन आधी सांगून टाकतो. एक ब्रिस्टलची, ती बाथ शहरातून येते आणि ब्रिस्टलच्या दरीतून, जिच्यावर 1864 साली उघडलेला क्लिफ्टनचा झुलता पूल आहे, सेव्हर्नच्या खाडीला मिळते, मिळते त्या जागेचं नाव एव्हनमथ, म्हणजे एव्हनचं मुख. दुसरी शेक्सपिअरच्या गावची, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन, ती ट्यूक्सबरीला सेव्हर्नलाच मिळते, म्हणजे एकट्या सेव्हर्नला दोन दोन ‘नदी’ नावाच्या नद्या येऊन मिळतात. तिसरी सॉल्सबरीची, ती दक्षिणेला वाहून इंग्लिश खाडीत जाते, स्टोनहेंज तिच्यापासून जवळच. चौथी छोटी, डेव्हनमधली, डार्टमूरच्या माळावर उगम पावणारी. फ्रान्समध्ये ब्रिटनी भागात पाँ-आव्हेन गाव आहे, पॉल गोगँ तिथे चित्रं काढायला राहायचा, त्या गावची नदी आव्हेन, तीही याच घरची.

आता मुद्द्याचं. यावर एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, कदाचित त्या व्हिडिओतही असेल. अँग्लो-सॅक्सन माणूस आला, नदीकडे बोट दाखवून स्थानिकाला विचारलं हे काय, तो म्हणाला ‘आवॉन’, आणि याला वाटलं हे नदीचं नाव. गोष्ट ऐकायला छान आहे, शिकवायला सोपी आहे, आणि मला ती अजिबात पटत नाही. कारण ती लोक मूर्ख होते असं धरून चालते. नवे लोक आणि जुने लोक शेजारी शेजारी पिढ्यान्पिढ्या राहिले, लग्नं झाली, बाजार झाले, भांडणं झाली, एवढ्या सगळ्यात ‘नदी’ हा शब्द कोणालाच कळला नाही?

नेमकं काय झालं असेल ते कळायला मला माझी आजी आठवते. आमचं गाव येरळेच्या काठी, सांगलीकडे. आजीच्या तोंडून मी ‘येरळा’ हा शब्द कधी ऐकल्याचं आठवत नाही. ती म्हणायची ‘नदीला गेलते धुणं घिऊन’, पावसाळ्यात कोणीतरी ओरडत यायचं ‘नदी आली, नदी आली’, जनावरं नदीला पाण्यावर न्यायची, नदीकडचं रान, नदीकडची वाट. येरळा हे नाव मला शाळेत नकाशावर भेटलं. जी नदी दारात आहे तिला नाव लागत नाही, दुसरीशी गल्लत व्हायची वेळ आली तरच नाव लागतं. गावाला एकच नदी असली की ‘नदी’ हेच तिचं नाव. एव्हनच्या काठचे ब्रिटन लोक असंच बोलत असणार, आणि नंतर आलेल्यांनी काठावरच्या लोकांच्या तोंडी जे होतं तेच घेतलं. चूक कोणाचीच झाली नाही.

आणि हा नुसता माझा अंदाज नाही. रोमन साम्राज्यातल्या रस्त्यांची एक जुनी यादी आहे, साधारण तिसऱ्या शतकातली, कुठल्या रस्त्यावर कुठलं ठाणं आणि दोन ठाण्यांत किती मैल अशी. तिच्यात बाथ आणि वेल्समधलं कायरवेंट यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर ‘अबोने’ असं ठाणं दिलंय, ते म्हणजे आजच्या ब्रिस्टलमधला सी मिल्स भाग, एव्हनच्या काठावरच. म्हणजे अँग्लो-सॅक्सन यायच्या दोनेकशे वर्षं आधी हे विशेषनाम होऊन बसलेलं होतं, इतकं की त्यावरून गावाचं नाव पडलं होतं. मग बोट दाखवून विचारणाऱ्या सॅक्सन माणसाचं काय करायचं? कोणी म्हणेल मग रोमनांचा गैरसमज झाला असेल. त्याला उत्तर आयर्लंडमध्ये आहे. तिथे विकलो परगण्यात दोन नद्या एकमेकींना मिळतात, एव्हनमोर आणि एव्हनबेग. मोर म्हणजे मोठी, बेग म्हणजे लहान. मोठी नदी आणि लहान नदी. ही नावं आयरिश बोलणाऱ्यांनीच स्वतःच्या नद्यांना स्वतःच्या भाषेत ठेवली, तिथे गैरसमज करून घ्यायला परका कोणी नव्हताच. गावात एक नदी होती तोवर ‘नदी’ चाललं, संगमाजवळ दोन झाल्या तेव्हा थोरली-धाकटी करावी लागली.

‘एव्हन नदी’ म्हणणं म्हणजे नदी नदी म्हणणं, याचं लोकांना हसू येतं. पण आपण सह्याद्री पर्वत म्हणतोच की. अद्रि म्हणजेच पर्वत, मग सह्याद्री पर्वत म्हणजे सह्य पर्वत पर्वत. विंध्याचल पर्वताचंही तेच. पावरोटी घ्या, पाव हा पोर्तुगीज शब्द, अर्थ भाकरी-रोटी असाच. शब्दाचा मूळ अर्थ बोलणाऱ्याच्या मनातून गेला की तो नाव होतो आणि मग जातीवाचक शब्द परत जोडावा लागतो.

संस्कृतमध्ये तर एव्हनची जुळी बहीणच आहे, सिंधू. ऋग्वेदात सिंधू म्हणजे नुसती नदी असा अर्थ आहे, ‘सप्त सिंधु’ म्हणजे सात नद्या, आणि त्याच वेळी ती एका ठराविक नदीचं नावही आहे. शब्द नदी, नाव नदी. पुढे इराणी लोकांच्या तोंडी स चा ह होऊन हिंदू, हिंद हे सगळं त्यातून निघालं. आणि याच्या उलटही होतं, आधी नाव असतं आणि मग त्याचा अर्थच नदी होतो. नाशिकला गोदावरीला लोक गंगाच म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पूर आलाय’. पैनगंगा, वैनगंगा, पंचगंगा. श्रीलंकेत सिंहलीमध्ये तर गंगा म्हणजे कुठलीही नदी, महावेली गंगा वगैरे. नाव आणि शब्द यांच्यातली ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालू असते.

आता त्या व्हिडिओकडे येतो, कारण ताईंचा खरा प्रश्न तोच होता असं मला वाटतं. एव्हन संस्कृत ‘आप’ वरून आला का? नाही. पण व्हिडिओवाल्याने निखालस खोटंही सांगितलेलं नाही, नातं आहे आणि फार जवळचं आहे, फक्त आई-लेकीचं नाही, बहिणी-बहिणींचं आहे. दोघींची आई एक जुनी भाषा, जिला आम्ही आद्य इंडो-युरोपीय म्हणतो, तिचं लिहिलेलं काहीच उरलेलं नाही, लेकींकडे बघून तिचं रूप बांधावं लागतं.

‘आप’ आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, शाळेत घोकलेलं असतं. संध्या करणारे ‘आपो हि ष्ठा मयोभुवः’ म्हणतात ते ऋग्वेदातलं पाण्याचंच सूक्त. मूळ शब्द अप्, म्हणजे पाणी. त्याचे भाऊबंद बघा, प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती भाषेत हापा म्हणजे नदी, बाल्टिक किनाऱ्यावरच्या जुन्या प्रशियन भाषेत आपे म्हणजे नदी, लॅटिनमध्ये अम्निस म्हणजे नदी. आणि इराणी शाखेत अवेस्तामध्ये, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेत, आप, पुढे फारसीत त्याचं ‘आब’ झालं, आणि ते आपल्याकडे परत आलं. पंजाब म्हणजे पाच पाणी. गुलाब म्हणजे फुलाचं पाणी, गुलाबपाणी, मग त्याच फुलाचं नाव झालं (आणि गुलाबपाणी म्हणताना आपण परत पाणी पाणी केलं). आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, आबकारी खातं, आब राखणे, सगळं त्यातलंच. आपण मराठीत रोज एव्हनच्या चुलतबहिणी वापरतो. शराब मात्र यातलं नाही, तो अरबी शब्द आहे, वेगळ्या धातूचा, इथे बरेच जण फसतात.

एक अडचण राहते आणि मला तीच सगळ्यात आवडते. संस्कृतमध्ये ‘प’ आहे, अप्. केल्टिकमध्ये ‘ब’ आहे, अबोना. हे जुळायचं कसं? केल्टिकमध्ये तर मूळचा प नुसता गळून जातो, लॅटिनमध्ये पातेर आणि संस्कृतमध्ये पितृ असेल तर जुन्या आयरिशमध्ये अथिर असतं, प गायब. मग इथे ब आला कुठून? एरिक हॅम्प नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी याची जोडणी दाखवली. त्यांच्या मते हा शब्द म्हणजे ‘अप्’ला ‘असलेली’ अशा अर्थाचा प्रत्यय लागून झालेला आहे, म्हणजे पाणी असलेली, पाणीवाली. आणि त्या प्रत्ययाच्या सुरुवातीला घशातला एक जुना घोष, म्हणजे ग-ज-ब सारखा घुमणारा, वर्ण होता जो नंतर बहुतेक भाषांतून नाहीसा झाला. तो गेला पण जाता जाता शेजारच्या प चा ब करून गेला.

हे हवेतलं वाटत असेल तर शाळेतलं संस्कृत आठवा. पिणे याचा धातू ‘पा’, आणि रूप होतं ‘पिबति’. आम्हाला सरांनी सांगितलं होतं की हा अपवाद आहे, पाठ करा. धातूत प असताना पिबति मध्ये ब कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. तो ब त्याच नाहीशा झालेल्या वर्णाने केलेला आहे, लॅटिनमध्येही ‘बिबित’ आणि जुन्या आयरिशमध्ये ‘इबिद’, म्हणजे पितो, सगळीकडे ब. आणि घोष वर्णाशेजारी अप् चा अब् होतो हे आपण संधीत रोज बघतो, अप् + ज = अब्ज, पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ, आणि मग ती शंभर कोटींची संख्या. अब्जाधीश मधला अब् आणि एव्हनमधला एव् हे मुळात एकच पाणी. हॅम्प यांची मांडणी सगळ्या अभ्यासकांनी डोळे झाकून घेतली असं नाही, पण पिबतिचा दाखला इतका नेमका बसतो की मला तरी ती पटलेली आहे.

मग ‘संस्कृतमधून आला’ असं का म्हणायचं नाही? कारण तसं असतं तर ब्रिटनमधल्या शब्दांत संस्कृतमध्ये झालेले बदल दिसले असते, आणि ते दिसत नाहीत. उलट हित्ती भाषेत शब्दाच्या सुरुवातीला जो ह टिकलाय तो संस्कृतमध्ये नाही. म्हणजे प्रत्येक लेकीने आईचं काहीतरी ठेवलंय आणि काहीतरी घालवलंय. संस्कृतला सगळ्यांची आई केलं तर ही सगळी सुंदर जुळवाजुळव बिघडते, आणि संस्कृतचं महत्त्व वाढतही नाही. मला याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं कारण आपल्याकडची हुशार मुलं या व्हिडिओंमुळे अर्ध्या वाटेवर थांबतात, पुढची खरी गंमत त्यांना दिसतच नाही.

हे नातं लोकांच्या लक्षात कसं आलं तेही ऐकण्यासारखं आहे. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळाच्या आहेत असं मांडलं, केल्टिकचाही त्यात जाता जाता उल्लेख केला. पण केल्टिक वेगळी दिसते म्हणून पुढे बरीच वर्षं विद्वान तिला कुटुंबात घ्यायला कचरत होते. तिची बाजू ज्यांनी लावून धरली त्यातले एक जेम्स काउल्स प्रिचर्ड, पेशाने डॉक्टर, राहणार ब्रिस्टल, एव्हनच्याच काठचे. 1831 साली त्यांनी केल्टिक आणि संस्कृत यांची तुलना करून छापली. आणि 1833 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिस्टलजवळ एक भारतीय पाहुणा आजारी पडला, त्याला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत हे प्रिचर्ड होते. पाहुणे म्हणजे राजा राममोहन रॉय. 27 सप्टेंबरला ते गेले. त्यांची समाधी आज ब्रिस्टलच्या आर्नोस व्हेल दफनभूमीत आहे, एव्हनपासून फार लांब नाही. मी तिथे गेलो होतो तेव्हा बराच वेळ हाच विचार करत उभा होतो, की संस्कृतचा एवढा मोठा जाणकार आणि केल्टिकचं संस्कृतशी नातं सांगणारा डॉक्टर, एकमेकांसमोर आले ते आजाऱ्याच्या खाटेपाशी.

एव्हनच टिकलं आणि बाकीचे केल्टिक शब्द का नाही टिकले, हाही प्रश्न मनात येईल. नद्यांची नावं सगळ्यात चिवट असतात. स्वीडनच्या एइलर्ट एक्वाल यांनी 1928 साली इंग्लंडच्या नद्यांच्या नावांचा मोठा अभ्यास छापला, आणि 1953 साली केनेथ जॅक्सन यांनी त्यावर नकाशा केला. पूर्व इंग्लंडमध्ये फक्त मोठ्या नद्यांची केल्टिक नावं उरलीत, जसजसं पश्चिमेला जाल तसतशी लहान नद्यांची, आणि अगदी वेल्सच्या बाजूला ओढ्यांचीसुद्धा. म्हणजे भाषा कशी हळूहळू सरकत गेली ते नद्यांवरून वाचता येतं. डरवेंट नावाच्या नद्याही इंग्लंडमध्ये तीन-चार आहेत, तिच्यात ओक झाडाचा शब्द आहे, वेल्शमध्ये डेरू, आणि आपल्या देवदार मधला दारु त्याचाच नातेवाईक. डोव्हर बंदराचं नाव म्हणजे ‘पाणी’, तेही अनेकवचनी, आपलं ‘आपः’ अनेकवचनी चालतं तसंच.

मात्र दिसला एव्हन की लावला अबोना, असं करू नका. स्कॉटलंडच्या मरी भागात एक एव्हन आहे, स्पे नदीला मिळणारी, तिथले लोक उच्चार ‘आन’ असा करतात. तिचं गेलिक नाव वेगळंच आहे, त्याचा अर्थ ‘अतिशय स्वच्छ, उजळ’ असा लावतात आणि पाणी खरंच काचेसारखं आहे म्हणतात, फिन नावाच्या वीराची बायको त्यात बुडाली अशी दंतकथाही आहे. नकाशावर स्पेलिंग एव्हन झालंय, पण ही बहुतेक वेगळी. तसंच रोमानियन भाषेत पाण्याला ‘आपा’ म्हणतात, अगदी आपलं आप, पण तो लॅटिन ‘अक्वा’चा झालेला आहे, आपशी त्याचा काही संबंध नाही. कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे, आवाज कुठल्या नियमाने बदलला ते दाखवता आलं पाहिजे.

राहिली बहिणीची ख्राइस्टचर्चची एव्हन. इथे तर हमखास चकवा आहे. इंग्लंडमधली सॉल्सबरीची एव्हन समुद्राला मिळते त्या गावाचं नावही ख्राइस्टचर्चच, त्यामुळे कोणालाही वाटेल गाव आणि नदी जोडीने उचलून नेली. पण न्यूझीलंडच्या शहराला नाव मिळालं ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजवरून, आणि नदीला नाव दिलं जॉन आणि विल्यम डीन्स या दोघा स्कॉटिश भावांनी, 1848 साली, त्यांच्या आजोबांच्या शेताजवळच्या स्कॉटलंडमधल्या एव्हनवरून. म्हणजे तिथेही आजोबांच्या घरची ‘नदी’च समुद्रापार गेली. त्या नदीला माओरी लोकांचं आधीपासूनचं नाव होतं, ओताकारो, त्याचा अर्थ खेळायची जागा असा सांगतात, आणि आता अधिकृतपणे दोन्ही नावं एकत्र लिहितात. बहिणीला सांगा, पुढच्या वेळी काठावर फिरायला गेली की पाटीचा फोटो पाठव.